अपडेट अडकलं की मशीन धुऊ नका, प्रॉक्सी बघा: या चुका टाळा

सांगलीत विश्रामबागेतल्या एका कॉलेजची लॅब मी सांभाळतो. तीस मशीन, सगळीकडे उबुंटू २४.०४, बाहेर जायला एकच लाइन. ती लाइन वाचावी म्हणून मध्ये स्क्विड बसवलाय, म्हणजे एकदा उतरवलेली फाइल साठवून सगळ्या मशीनना वाढणारा प्रॉक्सी. पावसाळ्यात एका सोमवारी अपडेट मारलं, तर काही मशीनवर बाहेरच्या एका रेपोसाठी (पॅकेजेस जिथून येतात तो सर्व्हरवरचा साठा) 'हॅश सम मिसमॅच' आलं, दोन-तीन मशीनवर '४०४ नॉट फाउंड', आणि बाकीच्या मशीन सांगत होत्या की सगळं अप टू डेट आहे. मला त्या शेवटच्या मशीन धडधाकट वाटल्या. खरं दुखणं त्यांनाच होतं. त्यांना आठवडाभर सिक्युरिटी अपडेट मिळालेच नव्हते, आणि एररही नव्हती.

त्या दिवशी मी काय केलं ते सांगतो, म्हणजे तुम्ही करणार नाही. एकेका मशीनवर जाऊन ॲप्टच्या (उबुंटूत पॅकेजेस आणि अपडेट आणणारा प्रोग्रॅम) लिस्ट्सचं फोल्डर रिकामं केलं आणि पुन्हा अपडेट मारलं. नेटवर हाच उपाय सगळीकडे लिहिलेला असतो. पण मशीन रिकामी केली तरी ती मागणार प्रॉक्सीकडेच, आणि प्रॉक्सी तीच शिळी फाइल पुन्हा वाढणार. दुपारपर्यंत तीसही मशीन पुसून झाल्या. फरक शून्य.

आधी हे समजून घ्या. ॲप्ट पहिल्यांदा इनरिलीज नावाची सही केलेली फाइल आणतं. तिच्यात बाकीच्या याद्यांचे हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेले ठसे, असतात. मग पॅकेजेसची यादी आणतं आणि हॅश जुळवतं. इनरिलीज आजची आणि यादी परवाची मिळाली की मिसमॅच. उबुंटूच्या स्वतःच्या रेपोत यादी तिच्या हॅशच्याच नावाने मागता येते, त्यामुळे तिथे हा घोळ सहसा होत नाही; ज्या रेपोत ती सोय नाही तिथे होतो. इनरिलीज आणि यादी दोन्ही जुन्या मिळाल्या तर हॅश जुळतात आणि ॲप्ट खूश. मग त्या जुन्या यादीतलं पॅकेज मागायला गेलात आणि सर्व्हरने ते केव्हाच काढून टाकलेलं असलं, की ४०४.

हरिपूरला हळद जमिनीखालच्या पेवात साठवायचे. हळद पेवात टिकते. मार्केट यार्डातल्या सौद्याचा भाव पेवात ठेवून चालत नाही. डेब फाइल, म्हणजे खुद्द पॅकेज, ही हळद: नावातच आवृत्ती असते, ती बदलत नाही, खुशाल तीन महिने ठेवा. इनरिलीज आणि पॅकेजेस हा भाव, तो दर वेळी सर्व्हरला विचारूनच सांगायचा.

आमच्या स्क्विडला हा फरक कळत नव्हता, कारण कॉन्फिगमध्ये कुणीतरी (बरं, मीच) नेटवरून एक रिफ्रेश पॅटर्न, म्हणजे साठवलेली प्रत किती वेळ ताजी धरायची याचा नियम, चिकटवला होता. सगळ्या पत्त्यांना लागू होणारा ठिपका, किमान १००८० मिनिटं, वर ओव्हरराइड-एक्स्पायर (सर्व्हरने दिलेली मुदत मानू नकोस) आणि इग्नोर-रिलोड (मशीनने ताजी प्रत मागितली तरी ऐकू नकोस). म्हणजे बरोबर सात दिवस. खरी मेख इग्नोर-रिलोडमध्ये आहे. ॲप्ट इंडेक्स मागताना 'मॅक्स-एज शून्य' असं हेडरमध्ये स्वतःहून सांगतं, म्हणजे विचारल्याशिवाय जुनी प्रत देऊ नकोस. इग्नोर-रिलोडने स्क्विडला नेमकं तेच ऐकू येत नाही. बँडविड्थ वाचवायच्या नादात असल्या ओळी डोळे झाकून घेऊ नका.

दुरुस्ती करताना दुसरी फजिती झाली. इनरिलीज, रिलीज, पॅकेजेस यांच्यासाठी शून्य, शून्य टक्के, शून्य (म्हणजे प्रत कधीच ताजी धरू नकोस) अशा ओळी लिहिल्या, पण फाइलच्या तळाशी, ठिपक्याच्या ओळीखाली. स्क्विड वरून खाली वाचतो आणि जी ओळ आधी जुळेल तीच धरतो. खालच्या ओळी नुसत्या शोभेला. वर नेल्यावर चाललं. डेबसाठी वेगळी ओळ, १२९६०० मिनिटं, म्हणजे ९० दिवस. नंतर स्क्विडला आधी पार्स करायला लावा, म्हणजे कॉन्फिगमधल्या चुका कळतील, मगच रीकॉन्फिगर करून नवे नियम लागू करा.

दोष प्रॉक्सीचाच आहे हे ठरवायला एक मशीन मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घ्या, ॲप्टच्या कॉन्फिगमधली प्रॉक्सीची ओळ बंद करा आणि दोन्हीकडून आलेल्या इनरिलीजमधली डेटची ओळ ताडून बघा. ही तारीख यूटीसीत असते, साडेपाच तास मिळवा. मात्र 'नोबल-अपडेट्स' किंवा 'नोबल-सिक्युरिटी'चीच फाइल घ्या (नोबल हे २४.०४ चं टोपणनाव). नुसत्या 'नोबल'ची तारीख एप्रिल २०२४ वरच थांबलेली आहे आणि तशीच राहणार. ती बघून मी अर्धा तास उगाच घाबरलो होतो. ॲक्सेस लॉगमध्ये इनरिलीजच्या ओळीवर टीसीपी हिट दिसलं, म्हणजे सर्व्हरला न विचारता साठ्यातली प्रत दिली, की चोर सापडला. रिफ्रेश अनमॉडिफाइड दिसलं तर ठीक, त्याने सर्व्हरला विचारलंय.

किरकोळ दोन गोष्टी. टर्मिनलमध्ये प्रॉक्सीचं व्हेरिएबल एक्स्पोर्ट केलं तरी सुडो ते सहसा सोबत नेत नाही, म्हणून प्रॉक्सी ॲप्टच्या कॉन्फिगमध्येच लिहा. आणि स्क्विडची मूळ मर्यादा एका फाइलला ४ एमबी आहे. ती वाढवली नाहीत तर लिनक्स फर्मवेअरसारखं थोराड पॅकेज तीस मशीन तीसदा उतरवतील. वाढवाल ती ओळ कॅशे डिरच्या (साठ्याचं फोल्डर सांगणाऱ्या) ओळीच्या वर लिहा.

वैतागून सही तपासणीच बंद करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. कुणी बदललेली फाइल पकडणारी चाळण तीच आहे.

स्क्विडचं सगळं स्पूल, म्हणजे डिस्कवरचा साठा, पुसायच्याही फंदात पडू नका. रिफ्रेशचे नियम प्रत्येक मागणीच्या वेळी लागतात, त्यामुळे नियम बदलला की जुनी इनरिलीज आपोआप पुन्हा विचारली जाते. पेव उपसलंत तर साठवलेली डेबं तेवढी जातील, आणि मंगळवारी तीस मशीन एकदम लाइनीवर बसतील.