डॉसचं बिलिंग, नवीन पीसी आणि यूएसबी प्रिंटर : शेवटी बिल निघालं

मामांच्या भुसार दुकानात बिलिंग अजून फॉक्सप्रोमध्येच आहे (जुनी डेटाबेस प्रोग्रॅमिंग भाषा), डॉसवालं, म्हणजे विंडोजच्या आधीच्या काळातलं. जुना पीसी गेला म्हणून ३२-बिट विंडोज १० टाकलं (६४-बिटवर हे चालतच नाही), प्रोग्रॅम सुरू झाला पण बिल काही निघेना, कारण प्रोग्रॅम पाठवतो एलपीटी१ ला (जुन्या प्रिंटरचा पोर्ट) आणि नवीन डॉट मॅट्रिक्स प्रिंटर यूएसबीवर.

ड्रायव्हर तीनदा टाकला, केबल बदलली, दोन रविवार गेले नुसते.

मग असं केलं. आधी डिव्हाइस मॅनेजरमध्ये एलपीटी१ पोर्ट डिसेबल. प्रिंटर 'बिल' नावाने शेअर केला. मग साध्या कमांड प्रॉम्प्टवर, अ‍ॅडमिनवाल्या नाही (तिथे केलेलं मॅपिंग प्रोग्रॅमला दिसत नाही, मी इथेच अडकलो होतो) : नेट यूज एलपीटी१ \\दुकान\बिल /पर्सिस्टंट:येस. याने एलपीटी१ ला जाणारं सगळं त्या शेअर केलेल्या प्रिंटरकडे वळतं. 'दुकान' म्हणजे त्या पीसीचं नाव, आणि टाइप अर्थातच इंग्रजीतच करायचं.

आता प्रिंट येते पण प्रोग्रॅम बंद केल्यावरच, सगळी बिलं एकदम! सोर्स हाताशी होता म्हणून बिल छापणाऱ्या कोडच्या शेवटी नुसतं 'सेट प्रिंटर टू' टाकलं, पुढे काहीच न लिहिता. त्याने स्पूल, म्हणजे छपाईसाठी साठून राहिलेला मजकूर, लगेच सुटतो. आता गिऱ्हाईक पैसे मोजेपर्यंत बिल हातात.