मॉडेल रेल्वेच्या लेआउटमध्ये चढ किती ठेवावा?

मॉडेल रेल्वेचा लेआउट आखताना चढाचा विचार बहुधा सर्वांत शेवटी होतो. रूळ कागदावर बसवून होतात, एक मार्ग दुसऱ्यावरून न्यायचे ठरते आणि मग उरलेल्या लांबीत जो चढ बसेल तो बसवला जातो. हा क्रम उलटा आहे. किती डब्यांची गाडी कोणत्या इंजिनाने ओढायची, हे आधी निश्चित करावे. त्यावरून चढ ठरवावा आणि चढावरून रुळांची लांबी. येथे मापे एचओ म्हणजे १:८७ या प्रमाणाची दिली आहेत.

१:५० चा चढ म्हणजे २ टक्के, अर्थात एका मीटरला २० मिलिमीटर. भोर घाट, थळ घाट आणि कॅसल रॉक ते कुळे हा गोव्यात उतरणारा घाट या तिन्ही ठिकाणी सर्वांत तीव्र चढ १:३७, म्हणजे सुमारे २.७ टक्के आहे, आणि भोर घाट चढण्यासाठी बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून ढकलणारी जादा इंजिने, म्हणजे बँकर, जोडावी लागतात. नेरळ–माथेरान मार्गावर चढ १:२० पर्यंत जातो, पण तेथील गाडी मोजक्या, छोट्या डब्यांची असते. कोकण रेल्वे याच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिचा १:१५० चा चढ मॉडेलमध्ये मीटरला सात मिलिमीटरसुद्धा भरत नाही. म्हणून कोकण रेल्वे साकारणाऱ्याने रूळ सपाटच ठेवावेत आणि जमीन खाली न्यावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. रत्नागिरीजवळचा पानवलचा ६४ मीटर उंच पूल एचओमध्ये सुमारे ७३५ मिलिमीटरचा होतो, आणि ती उंची कोणत्याही चढापेक्षा जास्त प्रभावी दिसते.

आपल्या गाडीला किती चढ झेपेल, हे घरीच मोजता येते. एक मीटर लांबीच्या सरळ फळीवर रूळ ठोकावा, त्यावर डबा ठेवावा आणि फळीचे एक टोक हळूहळू उचलत अधूनमधून डब्याला हलकी टिचकी द्यावी. ज्या उंचीला डबा न थांबता घरंगळत राहतो, ती मिलिमीटरमध्ये मोजून दहाने भागली की त्या डब्याचा रोध, म्हणजे त्याच्या चालण्याला होणारा विरोध, टक्क्यांत मिळतो. समजा, २० मिलिमीटरला डबा घरंगळला, म्हणजे रोध २ टक्के आहे. अशा डब्यांची गाडी २ टक्के चढावर नेताना प्रत्येक डब्यासाठी सपाटीच्या दुप्पट ओढ लागते. शिवाय इंजिनाला स्वतःचे वजनही वर न्यायचे असते, त्यामुळे सपाटीवर ओढल्या जाणाऱ्या डब्यांच्या निम्म्याहून थोडे कमीच डबे चढावर जातात. मुख्य मार्गासाठी २ टक्के, जागा फारच अपुरी असेल तर ३ टक्के आणि केवळ तोकड्या गाड्यांच्या शाखामार्गासाठी ४ टक्के, ही मर्यादा मला योग्य वाटते.

वळणावर चढ असेल तर हिशेब बदलतो, कारण वळणाचा रोध चढाच्या रोधात मिळतो. एचओसाठी ८१३ ला मिलिमीटरमधील त्रिज्येने भागल्यास वळणामुळे वाढणारा चढ टक्क्यांत अंदाजे कळतो. ६०० मिलिमीटर त्रिज्येला तो सुमारे १.३५ येतो आणि ४५० ला १.८. म्हणजे ४५० च्या वळणावरचा २ टक्के चढ इंजिनाला ३.८ टक्क्यांसारखा जाणवतो. प्रत्यक्ष रेल्वेतही वळणावर चढ सौम्य करतात. आपणही तेच करावे. गोल गोल वर चढणाऱ्या हेलिक्समध्ये तर ही वाढ संपूर्ण वाटेवर असते: ६०० मिलिमीटर त्रिज्येच्या एका फेऱ्यात ९० मिलिमीटर चढायचे म्हणजे कागदावर २.४ टक्के, पण इंजिनाला सुमारे ३.७५. लांब गाडीत हलके डबे पुढे आणि जड मागे असतील, तर हलके डबे अशा वळणावर आतल्या बाजूला कलंडतात.

एक मार्ग दुसऱ्यावरून नेण्यासाठी खालच्या रुळापासून पुलाच्या तळापर्यंत किमान ७५ मिलिमीटर मोकळी जागा आणि पुलाची जाडी धरून साधारण ९० मिलिमीटर उंची लागते. २ टक्क्यांनी त्याला ४.५ मीटर लांबी हवी. चढाची सुरुवात आणि शेवट मात्र एकदम करता येत नाही. प्रत्येक टक्क्यामागे निदान एका डब्याच्या लांबीत रूळ हळूहळू वाकवावे लागतात. एलएचबी, म्हणजे भारतीय रेल्वेचा लांब प्रवासी डबा, एचओमध्ये सुमारे २७० मिलिमीटरचा, म्हणून दोन्ही टोकांना ५४० मिलिमीटरची वक्रता येते आणि एकूण लांबी ५ मीटरच्या पुढे जाते. आठ बाय चार फुटांच्या प्लायवुडवर ५५० मिलिमीटर त्रिज्येच्या लंबगोल मार्गाची पूर्ण फेरीच ६ मीटरपेक्षा कमी भरते, तेव्हा चढून परत उतरणे तेथे अशक्य आहे. मार्ग दोन स्वतंत्र असतील, तर एक ४५ मिलिमीटर वर आणि दुसरा तितकाच खाली न्यावा. मग काम जेमतेम जमते. इंग्रजी आठच्या आकाराच्या एकाच मार्गाला ही युक्ती लागू पडत नाही, कारण तेथे त्याच गाडीला सगळे ९० मिलिमीटर चढावे लागतात.

टोकांची वक्रता नीट नसेल, तर पायथ्याशी इंजिनाचा पुढचा भाग रुळाला टेकतो आणि माथ्यावर डबे जोडणारे कपलर एकमेकांतून सुटतात. रुळाखालची प्लायवुडची पट्टी सपाट भागापासून कापून वेगळी करू नये. सलग ठेवून पुढे आधार उचलत नेला, की ती स्वतःच सुबक वाकते. नंतर ३०० मिलिमीटरची पोलादी पट्टी रुळावर उभ्या धारेने ठेवून सरकवत न्यावी. पायथ्याशी पट्टीखाली मध्यभागी दिसणारी फट आणि माथ्यावर पट्टीचे डुलणे हळूहळू वाढून हळूहळूच कमी व्हायला हवे. कुठे ते एकदम वाढले, तर तेथील आधार सैल करून उंची सुधारावी. या वक्र भागात गाडीचा मार्ग बदलणारे सांधे बसवू नयेत. स्टेशन आणि सायडिंग, म्हणजे डबे उभे करण्याचे बाजूचे रूळ, मात्र पूर्ण सपाट हवेत, कारण चांगल्या चाकांचे डबे थोड्या उतारावरही आपोआप चालू लागतात.

डोंगर आणि प्लास्टरचे काम सुरू करण्यापूर्वी सर्वांत लांब गाडी चढाच्या मधोमध थांबवून पुन्हा सुरू करावी, आणि मग तीच गाडी इंजिन मागे ठेवून ढकलत वर न्यावी. चाके घसरली किंवा मधला हलका डबा रुळावरून उतरला, तर आधाराचे स्क्रू या टप्प्यावर सहज सोडवता येतात.