लॉ जर्नलमध्ये नव्याने आलेल्या संपादकांसाठी

मंडळात निवड झाली की पहिल्या वर्षी वाट्याला तळटिपाच येतात. दाखले द्यायची पद्धत ब्लूबुक की ऑस्कोला, ते जर्नल ठरवतं. थोड्या दिवसांत हात बसतो. स्वल्पविरामांची भीती बाळगू नका.

भीती बाळगा ती 'हा देश अमुक कराराने बांधील आहे' अशा वाक्याची. खाली कुणाच्या तरी लेखाचा दाखला असतो, त्याचं फॉरमॅटिंग बिनचूक असतं आणि आपण पुढे सरकतो. मी इथेच अडकलो होतो, म्हणून जरा लांबण लावतो.

सही म्हणजे अनुसमर्थन (कराराने बांधून घेण्याची देशाची औपचारिक संमती) नव्हे. छळविरोधी करारावर भारताची सही १९९७ची, अनुसमर्थन नाही. बालहक्क करारावर अमेरिकेची सही १९९५ची, तिथेही तेच. पण सहीला काहीच अर्थ नाही असंही लिहू नका. करार कसे करावेत-पाळावेत याविषयीच्या १९६९च्या व्हिएन्ना कराराचं कलम १८ म्हणतं की सही केलेल्या देशाने कराराच्या हेतूवरच घाव घालू नये. (भारत मात्र या व्हिएन्ना कराराचा पक्षकारच नाही. हे कलम रूढ कायदा, म्हणजे देशांच्या वहिवाटीतून बंधनकारक झालेला नियम, म्हणून लावायचं, तर लेखकाकडून त्याचा वेगळा आधार मागा.)

अनुसमर्थन सापडलं तरी रिझर्वेशन (करारातला एखादा भाग वगळण्याची किंवा बदलण्याची देशाची अट) आणि निवेदनं वाचायची राहतात. नागरी आणि राजकीय हक्कांच्या करारात भारत एप्रिल १९७९मध्ये सामील झाला, तेव्हा कलम ९ला एक निवेदन जोडलं: बेकायदा अटकेसाठी राज्याकडून भरपाई मिळवण्याचा अंमलबजावणीयोग्य हक्क भारतीय कायद्यात नाही. एवढंच वाचून थांबलात तरी फसाल. पुढे सुप्रीम कोर्टाने अशी भरपाई दिली आणि डी. के. बसू प्रकरणात त्या निवेदनाची प्रस्तुतता उरली नसल्याचं म्हटलं. शिवाय हा करार भारतावर बंधनकारक झाला तो तीन महिन्यांनी, जुलैमध्ये. लेखातली घटना त्याच वर्षीच्या मे महिन्यातली असेल, तर युक्तिवादच कोसळतो.

एका वाक्यापायी अख्खी दुपार जाते. जाऊ द्या. यूएन ट्रीटी कलेक्शन या संयुक्त राष्ट्रांच्या संकेतस्थळावर सह्या, अनुसमर्थनं, निवेदनं, इतर देशांच्या हरकती, सगळं तारखांसह मिळतं. चॅटबॉटला विचारू नका. त्याचे दाखले दिसायला देखणे असतात आणि कधीकधी अस्तित्वातच नसतात.

सीनियर निवडताना माझा हट्ट एकच: तुमचा मसुदा लाल करून परत देणारा धरा. 'छान झालंय' म्हणणारे खूप भेटतील, शिफारसपत्रापलीकडे त्यांचा उपयोग नाही. पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या जर्नलांच्या वाटेला तर जाऊच नका. सीव्हीवरची ती ओळ जाणकाराला लगेच कळते.

स्वतःचं पहिलं लिखाण एका निकालावरची टिप्पणी असू द्या. तेवढं जमतं, खरंच जमतं. नकार आला तर परीक्षकाचे शेरे नीट वाचून दुसरीकडे पाठवा. नकाराची वाट न पाहता एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवायचं असेल, तर ते चालतं का, हे आधी त्या जर्नलच्या नियमांत बघा.

आणि लेखकाला शंका कळवताना 'हे चूक आहे' असं लिहू नका. 'अमुक तारखेला पाहिलं तेव्हा नोंदीत फक्त सही दिसते, अनुसमर्थनाचा आधार द्याल का?' असं विचारा. मोठमोठे प्राध्यापकही मग मुकाट्याने वाक्य बदलून देतात.