ऑफ तासापासून सुरुवात करा: माध्यमिक शाळेत नव्याने येणाऱ्या विशेष शिक्षकांसाठी

मुंबईतल्या नेहमीच्या माध्यमिक शाळेत विशेष शिक्षक म्हणून रुजू होताना बहुतेक जण आधी विचारतात, "मुलाला कोणता विषय जड जातो?" तिथून सुरुवात केली की पहिलं सत्र हातचं जातं. आठवी ते दहावीतल्या ऑटिस्टिक मुलाची खरी दमछाक बऱ्याचदा दोन तासांच्या मधल्या फटीत होते. घंटा होते, सर बाहेर पडतात, पुढच्या बाई अजून जिन्यात असतात, पन्नास-पंचावन्न मुलं एकदम बोलायला लागतात, बाकं सरकतात. दिवसातून सात-आठ वेळा हे घडतं. त्यात ऑफ तास आला, की पस्तीस मिनिटं काय करायचं हे कुणीच ठरवलेलं नसतं. बीजगणितात पैकीच्या पैकी मिळवणारा मुलगा या पस्तीस मिनिटांत कोसळतो, म्हणजे त्याचा स्वतःवरचा ताबा सुटतो, आणि तक्रार येते ती "मुलगा उद्धट आहे" अशी.

म्हणून पहिले दोन आठवडे शिकवू नका, बघा. छोट्या वहीत दर तासाला एक ओळ लिहा: वेळ, जागा, आवाज, काय झालं आणि त्याच्या आधी काय झालं. "चिडला" या शब्दातून काही कळत नाही. "१०.४०, बदली सर आले, फळ्यावरचं अर्धं गणित पुसलं, त्याने पान फाडलं" यातून कळतं. दहा दिवसांच्या ओळी एकाखाली एक वाचल्या की धागा सापडतो. कधी तो लुकलुकणाऱ्या ट्यूबलाइटपाशी जातो, कधी खडखडणाऱ्या पंख्यापाशी, कधी खिडकीखालच्या रस्त्याच्या खोदकामापाशी. दुपारच्या अधिवेशनात मधल्या सुट्टीनंतर वर्गात डब्यांचा वास कोंडतो, तेही कारण असतं. बाक बदलून किंवा ट्यूब बदलून जे सुटतं, त्यावर समुपदेशनाचे तास घालवू नका.

मग करायचं ते दिवसाचं कार्ड. पोस्टकार्डाएवढा जाड कागद, त्यावर तास, विषय, शिक्षक आणि खोली, आणि सगळ्यात खाली एक ओळ: आजचा बदल. नवखे शिक्षक इथे रंगीत चित्रं चिकटवतात. बालवाडीत ते ठीक. चौदा वर्षांचा मुलगा असं कार्ड दप्तराच्या तळाशी लपवतो, आणि त्याचं बरोबर आहे. इतर मुलांच्या वेळापत्रकासारखंच दिसणारं, कंपासपेटीच्या झाकणात बसेल असं करा. दुसरी चूक जास्त महागात पडते: बदल असेल त्याच दिवशी ती ओळ भरली जाते. आठवड्याभरात मुलाला कळतं की ओळ भरली म्हणजे वाईट बातमी, आणि तो कार्ड बघणंच सोडतो. म्हणून रोज लिहा, अगदी "बदल नाही" असंसुद्धा. बदल असेल तर तीन गोष्टी हव्यात: काय बदललं, का, आणि काय तसंच राहिलं. "भूगोलाच्या बाई रजेवर. चौथा तास ऑफ. खोली हीच, बाक हाच. वाचनालय किंवा नकाशावही, यातलं एक." ऑफ तासाला दोनच पर्याय द्या. "तुला हवं ते कर" ही सवलत वाटते, पण त्या क्षणी ते आणखी एक ओझं असतं.

जूनमध्येच पावसाच्या दिवसाचं वेगळं कार्ड करून ठेवा. शाळा मध्येच सुटली तर कुठे उभं राहायचं, न्यायला कोण येणार, लोकल बंद पडल्या तर कोणती बस, कोणाला फोन. पाणी भरल्यावर हे ठरवायला बसलं तर उशीर झालेला असतो.

असह्य झालं की मुलाने न बोलता दाखवायची, वर्गाबाहेर जाण्याची चिठ्ठी बहुतेक शाळा मान्य करतात आणि बहुतेक शाळांत ती फसते. मूल चिठ्ठी दाखवतं, बदलीवर आलेल्या शिक्षकांना काही माहीत नसतं, ते विचारतात, "कशासाठी? आधी नीट सांग." बोलणं अवघड झालंय म्हणूनच तर चिठ्ठी काढली होती. उपाय साधा आहे: बदली तासांच्या वहीच्या पहिल्या पानावर आणि शिक्षकांच्या खोलीत दोन ओळींची सूचना लावा, त्यावर मुख्याध्यापकांची सही घ्या. सूचनेत निदानाचा उल्लेख नको, फक्त चिठ्ठी दिसली की काय करायचं तेवढंच. पालकांच्या आणि स्वतः मुलाच्या संमतीशिवाय निदान वर्गाला सांगायचं नाही, हे शिक्षकांच्या खोलीतल्या गप्पांनाही लागू आहे. जायची जागाही ठरलेली हवी, आणि त्या मजल्यावरच्या शिपाईमामांना ती माहीत हवी.

तरीही मूल कोसळलंच, तर शब्द कमी करा. प्रश्न विचारू नका, हात धरू नका, "माझ्याकडे बघ" म्हणू नका. बाकीच्या मुलांना बाहेर न्या. त्यालाच ओढून नेण्यापेक्षा हे सोपं असतं. शांत झाल्यासारखं दिसलं तरी शरीर सावरायला अर्धा तास, कधी त्याहून जास्त लागतो. त्याच तासाला माफी मागायला लावलं, की पुन्हा तेच होतं. मुलींच्या बाबतीत जास्त सावध राहा. अनेक जणी शाळेत दिवसभर स्वतःला दाबून मैत्रिणींची नक्कल करत राहतात आणि घरी जाऊन कोसळतात. आई सांगते ते "शाळेत तर काही दिसत नाही" म्हणून झटकून टाकू नका.

भाषेच्या तासाला वेगळी मेहनत लागते. "उत्तर कोणाला येतं?" असं विचारल्यावर "मला" म्हणून खाली बसणारा मुलगा प्रश्नाचं अचूक उत्तर देत असतो. त्याला सांगा, "प्रश्न तिसरा, उत्तर वहीत लिही." मग मनातल्या मनात दहा अंक मोजा. सूचना पुन्हा द्यावी लागली तर तेच शब्द वापरा. शब्द बदलले की त्याला पहिल्यापासून अर्थ लावावा लागतो. मराठीच्या प्रश्नपत्रिकेत व्याकरण सहसा जमतं. अडतं ते स्वमत, रसग्रहण आणि आत्मकथन. "मी फळा बोलतोय" वाचून तो म्हणतो, फळा बोलत नाही. कल्पनाशक्ती नाही असा शेरा मारण्याआधी सांगाडा देऊन बघा: मी कुठे असतो, मला कोण वापरतं, सकाळी काय होतं, सुट्टीत काय होतं, मला कशाने इजा होते, मला काय हवं. सहा प्रश्न, प्रत्येकी दोन वाक्यं. स्वमतासाठी तीन ओळी पुरतात: मला काय वाटतं, पाठातलं कारण, पाहण्यातलं एक उदाहरण. सांगाडा हातात आला की फळ्याची बारीकसारीक निरीक्षणं अशी उतरतात, की परीक्षकही थांबून वाचेल.

मुलाच्या शेजारी बसून राहणं मात्र टाळा. सावलीसारखा मोठा माणूस चिकटला की वर्गातली मुलं त्याच्याशी बोलणं सोडतात आणि शिक्षक त्याच्याऐवजी तुम्हाला विचारतात. पहिल्या महिन्यात मागच्या बाकावर, मग दाराबाहेर, मग फक्त फटीच्या वेळांना, असं हळूहळू मागे सरका. मधल्या सुट्टीत लांबून लक्ष असू द्या. "जा, बाईंना हे सांगून ये" म्हणत त्याला पुढे करणारे हुशार वर्गमित्र तिथेच सापडतात.

कागदपत्रांचं थोडक्यात. भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेली विशेष शिक्षणाची पदविका किंवा बी.एड. आणि परिषदेकडे नोंदणी, हा तुमचा पाया. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत, त्यांत ऑटिझम येतो. शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि गरजेनुसार सोयी कराव्यात, हे त्यातलं सोळावं कलम मुख्याध्यापकांशी बोलताना उपयोगी पडतं. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी वापरली जाणारी 'इसा' (ISAA, ऑटिझम मोजण्याची भारतीय चाचणी) ४० बाबींची असते, प्रत्येक बाबीला १ ते ५ गुण, आणि ७० पासून पुढे ऑटिझम मानतात. हा आकडा सवलतींसाठी लागतो. चौथ्या तासाला काय करायचं, ते तुमच्या निरीक्षणवहीतूनच कळेल.

दहावीच्या सवलतींची कागदपत्रं नववीतच मार्गी लावा. सरकारी रुग्णालयातली तारीख, अर्ज, शाळेचं पत्र यांत महिने जातात. तासाला २० मिनिटं जादा वेळ मिळाला, तर दोन तासांचा पेपर दोन तास चाळीस मिनिटांचा होतो. काही मुलांना याने फायदा होतो, काही त्या चाळीस मिनिटांत थकून आधी लिहिलेलं खोडायला लागतात. लेखनिकाचंही तसंच. अनोळखी माणसाला तोंडी उत्तर सांगायचं, विरामचिन्हं आणि आकृतीतल्या नावांसकट, हे वेगळं कौशल्य आहे. नववीच्या सहामाहीपासून वेगळ्या खोलीत, घड्याळ लावून, लेखनिकासह किमान चार पेपर सोडवून घ्या. प्रत्येकानंतर मुलालाच विचारा, आणि उत्तर लेखी घ्या: जादा वेळ हवा का, लेखनिक हवा का, खोलीत काय त्रास झाला. मग अर्ज भरा.