पेठेत कोलटकरांसाठी दोन दिवस: तयारी करताना पुस्तक हातातून सोडू नका

कोल्हापूरचे कवी अरुण कोलटकर यांच्यासाठी कवितांचे फलक, मुलांची चित्रं आणि वाचन असा दोन दिवसांचा कार्यक्रम करायचा असेल तर तारखेपासून सुरुवात करा. त्यांचा जन्म १ नोव्हेंबर १९३२ चा, पण कार्यक्रम त्याच दिवशी घ्यायचा हट्ट नको. तो दिवस दिवाळीच्या आगेमागे येतो. २०२४ साली तर ऐन लक्ष्मीपूजनाला आला होता. २५ सप्टेंबर हा स्मृतिदिन, पण तेव्हा कोल्हापुरात पावसाचा भरवसा नाही आणि तालीम मंडळाची पोरं गणपती-नवरात्राच्या कामात असतात. दिवाळी उरकल्यावरचा शनिवार-रविवार धरा. शाहू स्मारक भवनाचं कलादालन आणि सभागृह दोन्ही हवं असेल तर काही महिने आधी अर्ज करा, आणि पावती जपून ठेवा.

परवानगी. कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात, म्हणजे कोलटकरांच्या बाबतीत २०६४ च्या अखेरपर्यंत. व्यासपीठावर थोडा भाग वाचून दाखवायला कायदा आडवा येत नाही. पण अख्खी कविता फलकावर छापणार असाल तर हक्कदारांची लेखी संमती घ्या. फोनवर ‘हो’ म्हणाले, एवढं पुरत नाही. पुस्तकांच्या मुखपृष्ठांची चित्रं लावणार असाल तर त्यांचंही त्याच पत्रात विचारा.

आता फलक. इथे थांबा आणि नीट वाचा, कारण गेल्या वेळी मी इथेच चुकलो.

कविता पुस्तकातून टाइप करा. व्हॉट्सॲपवर फिरणारी घेऊ नका, नेटवरची घेऊ नका, कुणाच्या पाठांतरातली घेऊ नका. आणि छापायला देण्याआधी प्रूफ पुस्तकाशी ताडा. मी मजकूर पेन ड्राइव्हवर दिला, दुकानात स्क्रीनवर रंग बघितला, अक्षर केवढं आहे ते बघितलं आणि ‘लावा’ म्हणालो. पुस्तक घरी कपाटात होतं. युनिकोडचा मजकूर जुन्या फाँटमध्ये नेताना ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्या’ फुटला होता. दोन कडव्यांमधली मोकळी जागा गेली होती. जिथे कवीने एकही विरामचिन्ह ठेवलं नव्हतं तिथे स्वल्पविराम आले होते, आणि एका कवितेची शेवटची ओळ फलकाच्या चौकटीत मावेना म्हणून वरच्या ओळीला जोडली होती.

उद्घाटनानंतर एक निवृत्त शिक्षक त्या फलकासमोर बराच वेळ उभे होते. त्यांनी पिशवीतून खाकी कव्हर घातलेली स्वतःची प्रत काढली, पान उघडलं आणि एका बोटाने पुस्तकातली ओळ, दुसऱ्या बोटाने फलकावरची, असं खालपर्यंत नेलं. शेवटी दोन्ही बोटं वेगवेगळ्या ठिकाणी थांबली. मला काही बोलले नाहीत. प्रत पिशवीत ठेवली आणि खुर्चीत जाऊन बसले. मी आजही तो फलक विसरू शकत नाही.

कोलटकर नावाचा हा माणूस १९४९ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेला, मधे शिक्षण सुटून अखेर १९५७ साली डिप्लोमा झाला, पुढे जाहिरात क्षेत्रात कला दिग्दर्शक म्हणून नाव काढलं. अक्षर कुठे बसतं, ओळ कुठे तुटते, पान किती कोरं ठेवायचं, हे त्यांच्यासाठी कवितेतलंच काम होतं. त्यांच्याच गावात आपण त्यांची ओळ मोडून भिंतीवर टांगायची?

म्हणून: ए-फोरवर प्रिंट काढून घ्या. दोघं बसा. एकाने पुस्तकातून मोठ्याने वाचायचं, ‘ओळ संपली’, ‘कडवं संपलं’, ‘इथे चिन्ह नाही’ असंसुद्धा म्हणत. दुसऱ्याने प्रिंटवर बोट ठेवायचं. दुरुस्त्या झाल्या की पुन्हा ताडा, कारण एक ओळ सरळ करताना दुसरी सरकते. मुंबईच्या बोलीहिंदीतल्या कविता असतील तर ऑपरेटरला स्पष्ट सांगा की ती भाषा तशीच आहे, तिचं शुद्धलेखन करू नका. दुकानात जाताना पुस्तक सोबत न्या. पुस्तक सोबत न्या. आणि फलक गुरुवारीच हातात घ्या, म्हणजे एखादा चुकला तर शुक्रवारी नवा छापता येईल.

फ्लेक्स नको, दिव्याखाली चमकतं आणि वाचता येत नाही. सनबोर्डवर, म्हणजे हलक्या कडक फोमच्या पाटीवर, बिनचमकीचं मॅट विनाइल घ्या. दुहेरी टेपवर विसंबू नका. रात्रीतून फलक खाली येतात. नायलॉनच्या दोरीने टांगा.

मुलांच्या चित्रांसाठी ‘निसर्गचित्र’ असा विषय देऊ नका. कोलटकरांनी मुंबईतल्या काळा घोड्याच्या फुटपाथवरची कुत्री आणि तिथली इडलीवाली कवितेत आणली. आपल्या मुलांना पहाटे गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर न्या. म्हैस, बादली, पेल्यावरचा फेस आणि ओला रस्ता सगळं तिथेच मिळेल. पॅड, क्लिपा, पेन्सिली आणि पाण्याच्या बाटल्या न्या. म्हशींच्या मागे कुणी उभं राहणार नाही एवढं बघायला दोन मोठी माणसं ठेवा. घरच्यांना आदल्या दिवशी फोन करा.

वाचनाला चारच जण पुरे. कोलटकर दोन्ही भाषांचे, त्यामुळे मराठी आणि इंग्रजी दोन्ही सहज वाचणारं एक तरी माणूस हवं. मागे बासरी-बिसरी नको. वाद्य हवंच असेल तर पखवाज ठेवा, कोलटकर तो स्वतः शिकले होते, आणि तोही कवितांच्या मधे, कवितेवर नाही. वाचणाऱ्यांनीही पुस्तकातूनच वाचावं, मोबाइलवरून नाही. कारण वर सांगितलं आहेच.

निवेदकाला एका पानात माहिती लिहून द्या: जन्म कोल्हापूरचा, शाळा राजाराम हायस्कूल, ‘भिजकी वही’ या कवितासंग्रहाला साहित्य अकादमी पुरस्कार मृत्यूनंतर मिळाला. पाहुण्यांची भाषणं दहा मिनिटांची, तेही आधीच सांगून.

माइक, खुर्च्या, चहा, पत्रिका हे तुम्हाला माहीत आहे. उघड्यावर काही असेल तर ध्वनिक्षेपकाची परवानगी घ्या, रात्री दहाच्या आत संपवा.

रविवारी रात्री सगळे दमलेले असतात, पण फलक कागद घालून रचा. मुलांची चित्रं नावानिशी परत करा. पुढच्या वर्षी तेच फलक पुन्हा छापायची वेळ आली तर जुन्या प्रूफावरून छापू नका. पुस्तक काढा.