लायब्ररीतला इंटरनेट फिल्टर: या चुका टाळा

परळच्या एका शाळेच्या लायब्ररीत नववीतली मुलगी स्तनांच्या कर्करोगाची माहिती शोधत होती. तिच्या आईवर उपचार सुरू होते. पडद्यावर लाल पाटी आली: 'अश्लील मजकूर'. तिने ते पान झटकन बंद केलं आणि पुन्हा कुणाला काही विचारलं नाही. तो फिल्टर बसवून देणाऱ्यांत मी होते, म्हणून हे लिहिते आहे.

आमची मोठी चूक म्हणजे शब्दांच्या यादीवर टाकलेली भिस्त. यादीला अर्थ कळत नाही, ती फक्त अक्षरं जुळवते. 1996 साली इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्पच्या रहिवाशांना एओएल या इंटरनेट सेवेवर खातं उघडता येईना, कारण गावाच्या रोमन नावातच एक शिवी दडलेली होती. आपल्या काळा घोड्याच्या डेव्हिड ससून लायब्ररीचं नावही रोमनमध्ये लिहून पाहा, तोच धोका दिसेल. जनगणनेच्या धड्यातलं 'सेक्स रेशो' तर अडकतंच. उलट इंग्रजी यादीला मराठी येत नाही, त्यामुळे मराठी शिवीगाळ बिनदिक्कत आत येते. शब्दयादी बंदच करा. साइटच्या वर्गवारीवर चालणारा फिल्टर घ्या, त्यात 'आरोग्य' उघडं ठेवा आणि शोधाच्या निकालांतून अश्लील मजकूर गाळणारं गूगलचं सेफसर्च चालू करा.

दुसरी चूक, सगळ्यांना एकच कुलूप. सार्वजनिक वाचनालयात चौथीतलं पोर येतं, एमपीएससीचा अभ्यास करणारा येतो, आजोबाही येतात. अमेरिकेत 2000 च्या कायद्याने सरकारी अनुदान घेणाऱ्या लायब्रऱ्यांना फिल्टर सक्तीचा झाला. 2003 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने तो कायदा टिकवला, पण प्रौढ वाचकाने मागितलं की ग्रंथपाल फिल्टर काढून देऊ शकतो, याचा त्या निकालात मोठा आधार होता. आपल्याकडे अनेकदा फिल्टरचा पासवर्ड तो बसवून देणाऱ्या माणसाकडेच राहतो. पासवर्ड पहिल्याच दिवशी ग्रंथपालांनी मागून घ्यावा आणि मोठ्यांसाठी वेगळं लॉगिन करावं.

एखादी साइट उघडत नसेल तर आधी फोनच्या मोबाइल डेटावर उघडून पाहा. तिथे उघडली तर अडथळा लायब्ररीतच आहे. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिमवरही उघडली नाही, तर साइटच बंद पडली असेल किंवा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69अ खाली ती सरकारने रोखली असेल. तिथे ग्रंथपालांचा इलाज चालत नाही. नको ती साइट उघडत असेल तर ब्राउझरमधलं 'सिक्युअर डीएनएस' तपासा (डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी यंत्रणा), त्यातून डीएनएसवरचा फिल्टर सहज चुकवता येतो. आणि साइट खरी असल्याची खात्री पटत नाही, अशी सर्टिफिकेटची सूचना ब्राउझरने दिली की 'पुढे जा' दाबायची सवय मुलांना मुळीच लावू नका. उद्या बँकेच्या खोट्या साइटवरही ती तेच दाबतील.

त्या शाळेतली पाटी आम्ही बदलली. आता तिथे येतं: 'हे पान फिल्टरने अडवलं आहे. तुमची चूक नाही. हवं असेल तर पत्ता चिठ्ठीवर लिहून पेटीत टाका, नाव लिहू नका.' बाई रोज दुपारच्या सुट्टीत पेटी उघडतात.