दुकानाच्या गादीवरून पूर्णवेळ सेवेत: इंदूरच्या व्यापाऱ्यासाठी तयारीची यादी

सियागंजात किंवा क्लॉथ मार्केटात पंधरा-वीस वर्षं व्यापार केलेला माणूस ख्रिस्ती मंडळीच्या पूर्णवेळ सेवेत जायचं, म्हणजे पाळक व्हायचं म्हणतो, तेव्हा मंडळीला आनंद होतो आणि पुष्कळदा पुढच्याच महिन्याची तारीख ठरते. ती तारीख दीड वर्षाने पुढे न्या. पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, खरं असेल तर तेवढ्यात विझणार नाही. बायबलमधल्या लूकच्या चौदाव्या अध्यायातला बुरूज बांधणारा आधी बसून खर्च मोजतो. पुढची सगळी कामं त्या बसण्यातली आहेत.

सुरुवात पाचारण दुसऱ्यांकडून तपासून घेण्यापासून करा. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चमध्ये असाल तर आधी पास्टोरेट कमिटीची (स्थानिक मंडळीच्या समितीची) शिफारस लागते, मग डायोसिसची (बिशपांच्या प्रांताची) निवड आणि बिशपांची संमती. सेमिनरी म्हणजे धर्मशिक्षणाच्या कॉलेजनंतर आधी डिकन (दीक्षेची पहिली पायरी), मग प्रेस्बिटर (पूर्ण दीक्षित पाळक). वयाची अट काय, कुठल्या सेमिनरीची पदवी चालते आणि दीक्षेनंतर दुसरा धंदा ठेवता येतो का, हे तीन प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा आणि उत्तरं लेखी घ्या. रोमन कॅथलिक धर्मगुरूंची वाट वेगळी आहे, तिथे अविवाहित राहण्याचं व्रत असतं. स्वतंत्र मंडळीत असाल तर ही चाळणी तुम्हालाच उभी करावी लागेल: मंडळीबाहेरच्या दोन ज्येष्ठ पाळकांकडे जा, आणि ज्याच्याकडून माल घेता अशा एखाद्या व्यापाऱ्यालाही विचारा. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात अध्यक्षाबद्दल, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्याबद्दल, बाहेरच्यांची साक्ष चांगली असावी असं म्हटलं आहे. बाजारातला माणूस ती साक्ष अचूक देतो, कारण तुमचा शब्द किती पाळला गेला हे त्याच्या वहीत लिहिलेलं असतं.

घरातली संमती गृहीत धरू नका. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला, हे आपल्या घरांत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांच्यामागे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई होत्या, हेही तेवढंच लक्षात ठेवा. बायकोसमोर आकडे ठेवून बसा. ज्या वर्षी मुलाची दहावी किंवा बारावी असेल ते वर्ष टाळा. आई-वडील तुमच्यावर अवलंबून असतील तर त्यांचं औषधपाणी कोण बघणार, हे भावाबहिणींशी बोलून पक्कं करा.

मग सहा महिने दुकान चालू ठेवूनच पाळकाच्या पगारात राहून बघा. तुमच्या डायोसिसमध्ये किंवा मंडळीत पाळकाला काय मिळतं ते विचारा, तेवढीच रक्कम महिन्याच्या एक तारखेला घरात द्या, उरलेली वेगळ्या खात्यात टाका. हा प्रयोग बहुधा तिसऱ्या महिन्यात कोलमडतो, आणि कारण किराणा नसतं: शाळेची फी, गाडीचा विमा, नात्यातलं लग्न. असे वर्षातून एकदा येणारे खर्च मोजून त्यांना बाराने भागा आणि महिन्याच्या हिशेबात धरा. वेगळ्या खात्यात साठलेल्या पैशांत भर घालून बारा महिन्यांचा घरखर्च आणि सेमिनरीची पूर्ण फी तुम्ही घरातून निघण्याच्या आधी बाजूला असली पाहिजे.

विमा उत्पन्न चालू असतानाच घ्या. मुदत विम्याची रक्कम ठरवताना कंपनी मागच्या वर्षांची आयकर विवरणपत्रं बघते; उत्पन्न थांबल्यावर मोठं कवच मिळणं अवघड होतं. आरोग्य विम्यात आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षाकाळ असू शकतो, म्हणून तो जितक्या लवकर सुरू होईल तितकं बरं. पीपीएफ खातं असेल तर वर्षाला किमान ५०० रुपये भरून ते जिवंत ठेवा.

आता देणी. 'कोणाच्या ऋणात राहू नका' हे रोमकरांस पत्रातलं वाक्य उद्या तुम्हाला उपासनेत वाचायचं आहे. घाऊक व्यापाऱ्यांची बाकी, बँकेची कॅश क्रेडिट, नातलगांकडून घेतलेले बिनकागदाचे पैसे आणि तुम्ही दुसऱ्यासाठी दिलेली जामिनकी, अशा चार वेगळ्या याद्या करा. शेवटची सगळ्यात धोक्याची. तुम्ही फर्ममधून निघालात तरी बँकेला दिलेली वैयक्तिक हमी आपोआप संपत नाही. बँकेकडून मुक्ततेचं पत्र हातात घ्या. येणं असलेली उधारी दिवाळीच्या आधी मागा, त्यानंतर बाजार सुस्तावतो. जी वसूल होणार नाही ती सोडून द्या आणि त्या माणसाला तसं तोंडावर सांगा. पाळक झाल्यावर त्याच माणसाच्या दारात पैसे मागायला जाणं वाईट.

भागीदारी असेल तर निवृत्तीचा दस्त पुरेसा नाही. १९३२च्या भागीदारी कायद्याप्रमाणे जाहीर सूचना दिली नाही, तर तुम्ही निघाल्यानंतर फर्मने केलेल्या व्यवहारांतही तुमची जबाबदारी लागू शकते. नोंदणीकृत फर्म असल्यास रजिस्ट्रारला कळवणं, राजपत्रात आणि स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात सूचना देणं, ही तिन्ही कामं करा. 'नाव राहू दे, तू फक्त बसू नकोस' असं भाऊ प्रेमाने म्हणेल. ऐकू नका: सामान्य भागीदारीत न बसणाऱ्या भागीदाराचीही जबाबदारी अमर्याद असते. पौल तंबू करून पोट भरत होता, तसा हाताचा धंदा ठेवायचा असेल तर तो लहान आणि फक्त स्वतःच्या नावावर असावा.

धंदा पूर्ण बंद करायचा असेल तर ३१ मार्च ही तारीख सोयीची, वर्षाचा हिशेब एकदाच बंद होतो. माल आधी संपवा, कारण जीएसटी नोंदणी रद्द होताना शिल्लक मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) किंवा त्या मालावरचा कर, यांत जे जास्त ते भरावं लागतं. आरईजी-१६ हा फॉर्म भरून नोंदणी रद्द करण्याचा अर्ज करा, आणि रद्द झाल्यावर तीन महिन्यांच्या आत जीएसटीआर-१० हे शेवटचं विवरणपत्र भरा. नेमकं हेच राहतं: तोवर माणूस सेमिनरीत पोचलेला असतो आणि नोटीस जुन्या पत्त्यावर जाते. सीएला अधिकारपत्र देऊन ठेवा. वह्या आणि बिलं रद्दीत घालू नका. वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ती जपावी लागतात. गुमास्ता परवाना आणि दुकानाच्या मीटरची अनामत यांची कामं किरकोळ आहेत, एका आठवड्यात उरकतात. नोकरांना मात्र तीन महिने आधी सांगा, त्यांचे पैसे सगळ्यांच्या आधी चुकते करा आणि जमलं तर दुसऱ्या गादीवर लावून द्या.

अभ्यास दुकानातूनच सुरू होऊ शकतो. ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या पदव्या देणाऱ्या सेरामपूर सिनेटचे ख्रिस्ती अभ्यासाचे बाह्य अभ्यासक्रम नोकरी-धंदा सांभाळून करता येतात. पूर्णवेळ शिक्षणासाठी इंदूरकरांना जबलपूरचं लिओनार्ड थिऑलॉजिकल कॉलेज आणि पुण्याची युनियन बिब्लिकल सेमिनरी या दोन जागा आधी बघण्यासारख्या आहेत. कुटुंबासाठी खोल्या मिळतात का आणि किती, ते प्रवेशाच्या आधी विचारा. घरातली प्रार्थना मराठीत असली तरी इंदुरात प्रवचन बहुतेक हिंदीत द्यावं लागतं. रोज एक अध्याय हिंदी बायबलमधून मोठ्याने वाचा.

कायद्याकडे व्यापाऱ्याचं दुर्लक्ष होतं ते इथे. मध्य प्रदेशचा धार्मिक स्वातंत्र्य कायदा २०२१चा आहे. त्यात प्रलोभनाच्या व्याख्येत भेट, पैसा आणि नोकरीही येते, आणि धर्मांतर विधी करणाऱ्या धर्मगुरूने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना ६० दिवस आधी कळवण्याची तरतूद आहे. मूळ मजकूर वाचा, वकिलाबरोबर बसा. आमचा आग्रह एवढाच, की नोकराचा पगार, गरजूला दिलेलं धान्य आणि प्रार्थना यांची जागा, वेळ आणि वही वेगळी असू द्या. विवाह लावण्याचा अधिकारही आपोआप मिळत नाही. स्वतंत्र मंडळीच्या पाळकाला १८७२च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखाली परवाना लागतो, नाहीतर त्याचा त्रास त्या जोडप्याला होतो.

दान स्वतःच्या बचत खात्यात घेऊ नका. ट्रस्ट किंवा सोसायटीच्या नावाचं खातं, दोन सह्या, पावतीपुस्तक. परदेशी नागरिक असलेल्या मित्राने सेवेसाठी पाठवलेली रक्कम ही विदेशी देणगी ठरते. एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगी नियमन कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय संस्थेने ती घ्यायची नाही, आणि नोंदणी झाल्यावरही ती दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते.

शेवटच्या आठवड्यात गल्ल्यावरचा क्यूआर कोड काढा. तो राहिला तर गिऱ्हाइकांचे पैसे तुमच्या खात्यात येत राहतात, आणि आयकर खात्याच्या लेखी धंदा चालूच असतो. शिक्के आणि लेटरहेड नष्ट करा, डिजिटल सही बंद करा, कोऱ्या चेकवर सह्या करून कुणाकडे ठेवले असतील तर ते परत घ्या. दुकानाचा मोबाइल नंबर मात्र एक वर्ष चालू ठेवा, जुने व्यापारी त्यावरच फोन करतील.